दोन डोळ्यांनी पाहिलेला अजिंठा

तेल्हारा, अकोटकडची मंडळी शेगाव, खामगाव, बुलढाणा असे करत अजिंठ्याला निघाली की लेण्यांच्या आधी अजिंठा गाव लागते. या गावात एक जुनी कबर आहे. ती पारोची. कबरीवर तारीख आहे २३ मे १८५६. पारो आणि मेजर रॉबर्ट गिल यांची कहाणी कवितेमुळे आणि चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. मात्र त्याच १८५६ सालाच्या सुमारास गिल यांनी एक छंद हाती धरला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही, हे फारसे सांगितले जात नाही. तो छंद छायाचित्रणाचा. तेव्हा गिल यांचे वय बावन्न होते.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ साली लंडनमध्ये झाला. विशीत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. पेशा सैनिकाचा, पण हात चित्रकाराचा. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली १८१९ साली. पुढच्या पंचवीस वर्षांत ओल, धूर, वटवाघळे आणि रंगांचे पोपडे खरवडून नेणारे हौशी पाहुणे यांनी भिंतींची दशा करून टाकली. ही चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असा आग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने धरला आणि १८४४ मध्ये या कामासाठी कॅप्टन गिल यांची नेमणूक झाली. मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत, काम घाटाखालच्या लेण्यांत. सोबतीला जंगल, वाघ आणि हिवताप. अशा ठिकाणी ते मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रे उतरवत राहिले आणि तयार होतील तशी ती लंडनला रवाना होत गेली.

या काळात मुंबईत एक नवे वेड पसरत होते. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात अधिकारी, व्यापारी होते, तसे डॉक्टरही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी एक. डॉक्टरांना हा छंद जवळचा वाटावा, याला कारण होते. छायाचित्रणाचे निम्मे सामान दवाखान्यातलेच होते.

तेव्हाची रूढ पद्धत अशी होती. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेल्या एका प्रकारच्या कापसापासून तो बनतो. जखमेवर पातळ पापुद्रा धरावा म्हणून शस्त्रवैद्य तो वापरत. पायाचे कुरूप घालवण्याच्या काही औषधांत तो आजही असतो. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. डॉक्टर जखमेवर वाढलेले मांस जाळण्यासाठी वापरतात, तेच हे रसायन. बोटांना लागले की कातडी काळी पडते आणि डाग कित्येक दिवस जात नाही. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुऊन पक्के करायचे. पक्के करण्यासाठी अनेक जण पोटॅशियम सायनाइड वापरत, म्हणजे जालीम विष. बंद तंबूत ईथरची वाफ आणि हाताशी सायनाइड, असा तो उद्योग होता. त्यात ईथर सुमारे ३५ अंशांना उकळते. वऱ्हाड-खानदेशच्या उन्हाळ्यात एरवीच पारा चाळिशी ओलांडतो. काच वाळायला किती वेळ लागत असेल, हे येथल्या वाचकाला सांगायला नको.

लेण्यांत आणखी एक अडचण होती. माणूस उजेडातून अंधारात गेला की आधी काहीच दिसत नाही. मग बाहुल्या विस्फारतात, दृष्टिपटलातील पेशी हळूहळू अंधाराला सरावतात आणि अर्ध्या तासात भिंतीवरचे चेहरे दिसू लागतात. कॅमेऱ्याच्या काचेला असे सरावता येत नाही. शिवाय कोलोडियनच्या काचेला निळा, जांभळा प्रकाश कळतो. तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नाही. अजिंठ्याच्या भिंती तर गेरूच्या तांबड्या आणि पिवळ्या मातीच्या रंगांनी भरलेल्या. त्या काचेवर हे रंग काळेच उमटणार. म्हणून रंगांसाठी कुंचला ठेवावाच लागला. कॅमेऱ्याचा खरा उपयोग झाला तो दगडाच्या कामासाठी: खांब, दरवाजे, मूर्ती, स्तूप.

गिल यांनी त्यासाठी जोडचित्रांचा, म्हणजे स्टिरिओ छायाचित्रांचा मार्ग धरला. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे दोघांना दिसणारे दृश्य किंचित वेगळे असते. मेंदू ही दोन दृश्ये एकत्र करतो आणि त्या किंचित फरकावरून जवळ काय, लांब काय हे ओळखतो. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ साली हे सिद्ध केले. एकाच खांबाची दोन ठिकाणांहून घेतलेली चित्रे शेजारी ठेवून एकेक डोळ्याला एकेक दाखवली, तर सपाट कागदावर खांब उठून उभा राहतो. १८६४ साली गिल यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. एकात ७४ चित्रे होती, दुसऱ्यात १०० जोडचित्रे. मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा होता. लंडनच्या घरात बसलेल्या माणसाला अजिंठ्याच्या सभामंडपाची खोली प्रथमच डोळ्यांनी मोजता आली. आपल्या लोणारची जुनी देवळेही गिल यांच्या कॅमेऱ्याने टिपली आहेत.

दोन वर्षांनी घात झाला. गिल यांची तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि त्यातील बहुतेक चित्रे जळाली. प्रदर्शनात नसलेली मोजकीच वाचली. आयुष्याच्या ऐन उमेदीची वीस वर्षे एका दिवसात राख झाली. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. मायदेशी जाऊन स्वस्थ बसण्याचे ते वय. त्यांनी छायाचित्रणाचे नवे साहित्य मागवले आणि पुन्हा अजिंठ्यातच कामाला लागले.

तैलचित्र एकच असते. ते जळाले की संपले. छायाचित्राच्या मात्र प्रती निघतात आणि चार ठिकाणी जातात. हौसेने घेतलेली ती चित्रे पुस्तकांतून, संग्रहांतून टिकली. आज लेण्यांचे एखादे शिल्प दीडशे वर्षांपूर्वी कसे होते, कोणता खांब तेव्हाच तुटलेला होता, हे पाहायचे तर याच चित्रांकडे जावे लागते. नेमून दिलेले काम बहुतांशी गेले आणि पन्नाशीनंतर शिकलेली गोष्ट मागे राहिली.

१८७९ च्या एप्रिलमध्ये गिल अजिंठ्यात आजारी पडले. उपचारांसाठी त्यांना भुसावळकडे नेत असताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. वय होते चौऱ्याहत्तर. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. मुंबईच्या गाडीतून जाणारी वऱ्हाडातली माणसे रोज त्या गावावरून जातात.

गिल यांचा पुढचा सगळा छंद दोन्ही डोळ्यांच्या एकत्र कामावर उभा होता. हे काम आपल्याकडे मात्र गृहीत धरले जाते. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहावा, म्हणजे फरक लगेच कळेल. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले, दिसू लागले, आता दुसऱ्याची घाई कशाला, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. पायरी उतरताना, विहिरीच्या काठाशी, रात्री बैलगाडीपुढे खोलीचा अंदाज चुकतो तो यामुळे. लहान मुलाचा डोळा तिरळा दिसला तर तो भाग्याचा समजून सोडून देऊ नये. कमी वापरल्या जाणाऱ्या डोळ्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो आणि वय वाढेल तसे ते सुधारणे अवघड होते. शाळेत घालण्याआधीच डोळे तपासून घ्यावेत. पन्नाशीला आलेल्यांनी दोन्ही डोळे तपासून घ्यावेत, आणि राहून गेलेला एखादा छंद असेल तर तोही हाती घ्यावा. गिल यांनी कॅमेरा धरला तेव्हा त्यांच्या हाती आणखी तेवीस वर्षे होती.