टर्बोचा जनक : आल्फ्रेड ब्यूखी

आय. सी. इंजिनच्या पेपरात टर्बोचार्जरवर प्रश्न हमखास येतो. आपण एका बाजूला टर्बाइन, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर, मध्ये शाफ्ट अशी आकृती काढतो आणि पाच-सहा मार्क पदरात पाडून घेतो. पण ज्याच्या डोक्यातून ही आकृती निघाली, त्या माणसाला ती चालत्या इंजिनात उतरवायला वीस वर्षं लागली. ती वीस वर्षं सिलॅबसमध्ये नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा. हे गाव आपल्या कोल्हापूरच्याच जातकुळीतलं, म्हणजे ओतकामावर मोठं झालेलं. सुल्झर बंधूंनी १८३४ साली तिथे फाउंड्री काढली आणि पुढे तिचा इंजिनांचा अवाढव्य कारखाना झाला. ब्यूखींचे वडील याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यामुळे भट्टी, साचे, लेथ हे सगळं पोरानं लहानपणापासून पाहिलेलं. १८९९ मध्ये त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला प्रवेश घेतला. आइन्स्टाइन त्याच संस्थेतून पुढच्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले!

१९०३ मध्ये पदवी हातात आली. मग बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकऱ्या झाल्या. या काळात एक गोष्ट ब्यूखींना सारखी खटकत होती. इंजिनात जाळलेल्या इंधनाची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता एक्झॉस्टमधून सरळ बाहेर जाते. पैसे मोजून घेतलेलं इंधन, आणि त्याचा तिसरा हिस्सा हवेत! आपला गुऱ्हाळवाला असं करत नाही. रस काढून उरलेलं चिपाड तो वाळवतो आणि तेच चुलवाणात घालून काहील तापवतो. ब्यूखींचा विचार याच वळणाचा होता. बाहेर जाणाऱ्या धुरावर टर्बाइन फिरवायचं, त्याच शाफ्टवर कॉम्प्रेसर बसवायचा आणि हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येणार, आणि तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त मिळणार. १६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचं त्यांचं जर्मन पेटंट याच कल्पनेचं आहे. तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस, म्हणजे आपल्या एम.ई. करणाऱ्या सिनिअरइतकं.

पेटंट झालं, पण इंजिन कुठे होतं? १९०९ मध्ये ते सुल्झरमध्ये रुजू झाले आणि डिझेल इंजिनांच्या संशोधनाला लागले. १९१५ मध्ये टर्बो लावलेलं पहिलं इंजिन उभं राहिलं आणि फसलं. हवेचा हवा तेवढा दाब टिकेना. एखाद्याने टर्बाइनला दोष दिला असता, ते बदलून पाहिलं असतं आणि शेवटी नाद सोडला असता. ब्यूखींनी टर्बोइतकंच त्याच्या भोवतालच्या इंजिनाकडे लक्ष दिलं. इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन्ही झडपा थोडा वेळ एकदम उघड्या ठेवल्या, तर दाबाने आलेली ताजी हवा सिलिंडरमधला उरलासुरला धूर धुऊन काढते. सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच पाइपात सोडला, तर एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येतो. मग पाइप वेगवेगळे केले, म्हणजे प्रत्येक झोताचा धक्का टर्बाइनपर्यंत शाबूत पोचतो. टर्बो चालायचा तर इंजिनालाही बदलावं लागतं, हे त्या फसलेल्या प्रयोगातून त्यांच्या हाती लागलं.

दरम्यान फ्रान्समध्ये रातो आणि अमेरिकेत मॉस हे विमानांच्या इंजिनांवर टर्बोचे प्रयोग करत होते. ब्यूखींना यश आलं ते १९२५ च्या सुमारास. 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९२६ मध्ये ब्राउन बोव्हेरी कंपनी आणि विंटरथूरचा रेल्वे इंजिनांचा कारखाना यांच्याबरोबर त्यांनी ब्यूखी सिंडिकेट काढलं आणि ही पद्धत जगभर पसरली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. जहाज, रेल्वे, ट्रक इथे टर्बो बसलेला त्यांनी पाहिला. टर्बो लावलेल्या मोटारगाड्या मात्र १९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आल्या. त्या काही त्यांना दिसल्या नाहीत.

आज आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडी टर्बोची आहे, आणि ब्यूखींचा धडा तिथे रोज कामाला येतो. आंबा घाट चढताना एखादी गाडी मागे निळा धूर सोडते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लगेच निदान होतं, टर्बो गेला! मालक भरपूर पैसे मोजून नवा टर्बो बसवतो, आणि पुढच्या महिन्यात तो नवाही धूर काढायला लागतो. का?

गाडीतल्या छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल दाबाने आत येतं, पण परत जातं ते नुसतं उतारावरून, खालच्या चेंबरमध्ये. शाफ्टची सीलं पिस्टन रिंगसारखी धातूची असतात. ऑइल मोकळेपणी खाली उतरत असेल तोवरच ती ते अडवतात. आता पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस कायम क्रँककेसमध्ये येत असतो, तो ब्लो-बाय. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, तसा हाही वाढतो. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो. साध्या पेट्रोल इंजिनात इनलेट मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला ओढून घेतो. टर्बो जोरात असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब असतो, म्हणून ब्रीदरची नळी कॉम्प्रेसरच्या आधी जोडतात आणि वाटेत ऑइल सेपरेटर बसवतात.

हा सेपरेटर किंवा नळी काजळीने तुंबली की चेंबरमध्ये दाब चढतो. ऑइलला खाली उतरायला जागा राहत नाही आणि ते सीलमधून दोन्हीकडे सुटतं. इंटरकूलरमध्ये ऑइल साचतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. फार झालं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. रिंगा झिजल्या असतील तरी हेच होतं. टर्बो यात निर्दोष असू शकतो. म्हणून टर्बो उतरवण्याआधी ब्रीदर, सेपरेटर आणि ऑइलची परतीची नळी साफ आहे का बघा, आणि क्रँककेसचा दाब मोजा. उद्यमनगरातले जुने जाणते मेस्त्री इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायच्या तोंडाशी किती फुंक येते तेही बघतात.

दोस्तहो, फायनल इयरचं प्रोजेक्ट चालेना की आपण आधी नवा पार्ट आणायला धावतो. १९१५ च्या त्या फसलेल्या इंजिनासमोर उभे असलेले ब्यूखी तेव्हा आठवावेत. मग पार्ट ज्याला जोडलाय, ते आधी तपासू या.