इंग्रजांच्या जहाज कंपन्यांनी छोट्या व्यापाऱ्यांना बांधून ठेवलं होतं, सोलापूरच्या वालचंदांनी थेट त्यांनाच आव्हान दिलं

पुण्यात भोसरी-चाकणच्या एखाद्या छोट्या कारखानदाराला परदेशातून ऑर्डर मिळाली की तो आधी खूश होतो आणि मग हिशोबाला बसतो. माल चांगला आहे, भाव ठरलाय, कागदपत्रंही होतील. पण न्हावा शेवाला जहाजाचं भाडं किती लागणार? कोरोनाच्या काळात कंटेनरचे दर इतके चढले की अनेकांचा नफा समुद्रातच बुडाला. मोठ्या कंपन्या वर्षभराचा दर ठरवून घेतात. छोट्याला मात्र त्या दिवशी जो दर मिळेल तो मुकाट्याने द्यावा लागतो.

हे दुखणं आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वी ते याहून वाईट होतं आणि त्याच्याशी झुंजायला उभा राहिला सोलापूरचा एक माणूस, वालचंद हिराचंद.

सांगलीचं वालचंद कॉलेज, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, प्रीमियर पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, यामुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. पण त्यांची सगळ्यात लांबलेली लढाई समुद्रावरची होती.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर मूळच्या गुजराती जैन व्यापाऱ्यांचं. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा पिढीजात धंदा. शिक्षणासाठी ते मुंबईला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. मग रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांसोबत त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे कामं वाढत गेली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटातले बोगदेही त्यांच्या कंपनीने केले.

आता कंत्राटदार माणूस जहाजाच्या धंद्यात कसा शिरला?

साल होतं १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धात जहाजं कमी पडल्याने भाडी आभाळाला भिडली होती. त्याच वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकायला निघालं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत ते विकत घेतलं. कंपनीचं नाव ठेवलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो याच प्रवासाची आठवण म्हणून.

ऐकायला भारी वाटतं, पण खरी अडचण इथूनच सुरू झाली.

भारताच्या समुद्रावर तेव्हा पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांचं राज्य होतं. दोन्हींचा कारभार लॉर्ड इंचकेप यांच्या हातात. व्यापाऱ्यांना बांधून ठेवायला या कंपन्यांकडे एक हत्यार होतं, उशिरा मिळणारी सूट. हा प्रकार नीट समजून घ्या.

समजा एका व्यापाऱ्याने वर्षभरात ५,००० रुपये भाडं दिलं. कंपनी त्याला १० टक्के, म्हणजे ५०० रुपये परत देणार. पण लगेच नाही. ती रक्कम काही महिने कंपनीकडेच राहणार आणि त्या काळात व्यापाऱ्याने दुसऱ्या कुणाच्याही जहाजातून माल पाठवला नाही, तरच हातात पडणार. एकदा जरी स्वदेशी जहाजात पोती चढवली, तरी साठलेली सगळी सूट गेली. मोठा व्यापारी हा फटका सहन करू शकत होता. छोट्याचा तर वर्षाचा नफाच त्यात अडकलेला. त्यामुळे नवं जहाज स्वस्त असलं तरी तो तिकडे वळायला घाबरायचा.

दुसरं हत्यार होतं भाडं पाडण्याचं. नवी कंपनी आली की तोटा सोसून दर खाली आणायचे, ती बुडाली की पुन्हा चढवायचे. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटांची जपानला जाणारी टाटा लाइन याच मार्गाने बंद पडली. तमिळनाडूत चिदंबरम पिल्लई यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली, तीही टिकू दिली नाही.

सिंधियाच्या बाबतीतही तेच झालं. रंगूनहून येणाऱ्या तांदळाचं भाडं धडाधड उतरलं. लॉयल्टीचा खर्च भागेना, शेवटी ते जहाज भंगारात गेलं. इंचकेप यांनी अख्खी कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली. वालचंदांनी नकार दिला.

पण नकार देऊन पोट भरत नाही. १९२३ मध्ये सिंधियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. कंपनी जिवंत राहिली, पण किती जहाजं ठेवायची यावर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग सोडून किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीवर समाधान मानावं लागलं. ज्या लंडनच्या मार्गाने सुरुवात झाली, तोच बंद झाला.

बाजारात कोंडी झाली तेव्हा लढाई कायद्याकडे वळली. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयकं मांडली. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव ठेवा आणि ती उशिरा मिळणारी सूट बंद करा, अशी मागणी होती. ब्रिटिश कंपन्यांनी जोरदार विरोध केला आणि कायदा काही झाला नाही.

याच सुमारास, १९२७ मध्ये, वालचंदांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभी केली. एकट्या व्यापाऱ्याचं गाऱ्हाणं सरकार ऐकत नाही, संघटनेचं ऐकावं लागतं, हा त्यामागचा साधा हिशोब. पुण्यात १९३४ मध्ये मराठा चेंबर सुरू झाली. आज पुण्याचा छोटा निर्यातदार माल भारतातलाच असल्याचा दाखला घ्यायला जातो, तो अशाच चेंबरकडे.

वालचंद मात्र थांबले नाहीत. १९४० मध्ये बेंगळुरूला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना. तिथे बांधलेलं ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव झाली आणि सिंधियाची जहाजं पुन्हा परदेशी मार्गाला लागली. ८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले.

अर्थात, वालचंद स्वतः मोठे भांडवलदार होते आणि राखीव समुद्राचा पहिला फायदा त्यांच्याच कंपनीला होणार होता. मक्तेदारी इंग्रजांची असो की देशी, व्यापाऱ्यासमोर पर्याय एकच उरला तर भाडं चढणारच. पण निदान दुसरा पर्याय उभा राहतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

सिंधिया कंपनी पुढे काळाच्या ओघात संपली. आज भारताचा बहुतांश आयात-निर्यातीचा माल परदेशी जहाजांतूनच जातो. छोट्या उद्योगांची निर्यात वाढवायची म्हटलं की चर्चा कर्ज, परवाने आणि ऑनलाइन फॉर्मची होते. ते हवंच. पण माल बंदरावर पोहोचल्यावर भाडं कोण ठरवतं आणि छोट्याला दुसरं जहाज निवडता येतं का, हा वालचंदांचा प्रश्न अजून तिथेच आहे.