ख्वाजा अहमद अब्बास : पत्रकार आणि पटकथाकार

'आवारा' (१९५१) आणि 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटांतील गाणी तुमच्या परिचयाची असतील. या चित्रपटांचे लेखन एका वृत्तपत्रकाराने केले, हे कदाचित ठाऊक नसेल. ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म १९१४ मध्ये पानिपत येथे झाला. अलीगढला शिक्षण घेऊन १९३५ मध्ये ते मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये रुजू झाले आणि चित्रपटपरीक्षणे लिहू लागले. पुढे १९४१ मध्ये हा परीक्षक 'नया संसार'ची कथा लिहून स्वतःच परीक्षेला बसला. त्या कथेच्या केंद्रस्थानी पत्रकारिताच होती, हे ध्यानात घ्या.

विषय निवडताना त्यांची दृष्टी नेहमीच वार्ताहराची राहिली. बंगालच्या १९४३ मधील दुष्काळावर त्यांनी 'धरती के लाल' (१९४६) दिग्दर्शित केला. चीनमध्ये रुग्णसेवा करताना निधन पावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर त्यांनी पुस्तक लिहिले, त्यावरून व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. 'सात हिंदुस्तानी' (१९६९) गोवामुक्तीच्या लढ्यावर आहे. अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट एवढीच त्याची ओळख उरावी, हे खेदजनक होय. राज कपूर यांच्यासाठी केलेल्या लेखनाला अमाप लोकप्रियता लाभली. स्वतःच्या चित्रपटांना मात्र प्रेक्षक बेताचेच मिळाले.

त्यांचा सर्वांत दूरगामी ठरलेला चित्रपट तर एक लहानसा माहितीपट आहे. 'चार शहर एक कहानी'मध्ये त्यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी ठेवले. मुंबईतील वेश्यावस्तीची दृश्ये वगळल्यास सर्वांसाठी प्रदर्शनाचा परवाना मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीदरम्यान सरकारने काटछाटीविना परवाना देण्याची तयारी दर्शवली. येथे प्रकरण मिटवता आले असते. परंतु त्यांनी चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले. १९७० चा निकाल त्यांच्या विरोधात गेला, पूर्वपरीक्षण वैध ठरले. तथापि कलामूल्याचा विचार करणारे स्पष्ट निकष हवेत, हेही न्यायालयाने नोंदवले. चित्रपट-अभिवेचनाच्या चर्चेत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

या धामधुमीतही पत्रकारिता सुटली नाही. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधील त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर पुढे 'ब्लिट्झ' साप्ताहिकात गेले आणि १९८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत शेवटच्या पानावर छापले जात राहिले.