गोदाराणी आणि लांबची लढाई

मुंबईहून सुरतकडे जाताना हायवेवर महाराष्ट्राच्या टोकाला अच्छाड लागतं. चेकनाका, ट्रकच्या रांगा, एवढंच आपण खिडकीतून बघतो. पण याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी एक मोठी सभा झाली. ती घेणाऱ्यांत होत्या गोदावरी परुळेकर, वारल्यांची गोदाराणी.

त्यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात, सुखवस्तू घरात झाला. त्या कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला. आरामात वकिली करता आली असती, पण त्या समाजकार्यात पडल्या. पुढे शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले.

३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंड युद्धात उतरलं. कारण सांगितलं, हुकूमशाहीविरुद्ध लोकशाही. सगळा युरोप एकाच सत्तेच्या हाती जाईल ही भीतीही होतीच. पण व्हाइसरॉयने भारतालाही युद्धात ओढलं, तेही इथल्या कुणाला न विचारता! परुळेकर पती-पत्नींनी विरोध केला आणि १९४० ते १९४२ तुरुंगात काढली.

मधेच जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि पक्षाच्या लेखी तेच युद्ध 'लोकयुद्ध' झालं. १९४२ च्या आंदोलनातही पक्ष उतरला नाही. हे मला पटत नाही. देश असो की पक्ष, तत्त्वाच्या मागे स्वतःचं हित असतंच.

झरीची सभा झाली तेव्हा जर्मनी शरण येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. लोकशाहीसाठी जिंकलेल्या त्या साम्राज्यात वारली मात्र जमीनदाराची वेठ करत होते. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही 'लग्नगडी', म्हणजे मालकाचे गुलाम. झरीला हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली आणि काही महिन्यांत ती प्रथा मोडली. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा सुरू झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

या लढ्यावरच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोदावरीबाई १९९६ मध्ये गेल्या. तलासरीच्या कॉलेजला आज त्यांचं नाव आहे.

एखादा बलाढ्य देश विचारांसाठी लांब लढायला निघाला, की त्याच्या स्वतःच्या राज्यात गवत कापणाऱ्याला काय मजुरी मिळते, ते आधी विचारावं. मित्रांनो, पुढच्या वेळी अच्छाडला गाडी थांबली, तर झरीची आठवण ठेवा.