उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

माल घ्यावा, रास्त नफा राखून विकावा, देणेघेणे चोख ठेवावे आणि धर्मकार्यास यथाशक्ती हातभार लावावा, ही आपल्या समाजातील व्यापाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. याच रीतीत वाढूनही, जो उद्योग देशात कोणी उभारलेला नाही तो आपण उभारावा, असा ध्यास घेणारे एक श्रेष्ठी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मास आले. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत भारतीय कारखानदारीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. सौराष्ट्रातून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेल्या या घराण्याची सावकारीची व कापसाची पेढी होती. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे 'जैन बोधक' मासिकाचे संस्थापक व समाजसुधारक म्हणून सर्वपरिचित होते. मुंबई व पुणे येथे वालचंदजींचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले. परंतु घरच्या अडचणींमुळे पदवी न घेताच त्यांना पेढीवर यावे लागले. तेथे त्यांचे मन रमेना.

अशा वेळी रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीत उतरू पाहणारे लक्ष्मणराव फाटक यांची भेट झाली. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदजींजवळ भांडवल आणि उमेद होती. १९०३ च्या सुमारास दोघांनी बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी भागातील कामाचा ठेका घेतला. हीच अरुंद रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि मराठवाड्याच्या व्यापारास मोठी सोय झाली. पुढे बोरघाटातील बोगदे, तानसाचे पाणी मुंबईस आणणारी जलवाहिनी अशी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताचा सागरी व्यापार जवळजवळ संपूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस असल्याचे कळताच वालचंदजींनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह ती घेतली आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मार्ग मात्र सुकर नव्हता. नवी कंपनी बुडावी म्हणून प्रतिस्पर्ध्यांनी भाड्याचे दर पाडले. १९२३ मध्ये कंपनीला दहा वर्षांसाठी जाचक मर्यादा मान्य कराव्या लागल्या, त्याच वर्षी 'लॉयल्टी' मोडीत निघाली. तरीही कंपनी तगली आणि १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंदजींनी तिचे अध्यक्षपद भूषविले.

याच काळात त्यांचे लक्ष शेतीकडे वळले. नाशिक जिल्ह्यातील रावळगावची खडकाळ जमीन त्यांनी लागवडीखाली आणली. तेथे आणि पुणे जिल्ह्यातील कळंब येथे साखर कारखाने उभे राहिले. कळंबजवळील वसाहत वालचंदनगर म्हणून नावारूपास आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी विमानप्रवासात त्यांची अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. त्या ओळखीतून विमान कारखान्याची कल्पना आकारास आली. म्हैसूर संस्थानाने जागा व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. मोटारीसाठी फोर्ड कंपनीशी चाललेली बोलणी निष्फळ ठरली, तेव्हा त्यांनी क्रायस्लर कंपनीशी करार केला. युद्धकाळात सरकारने साहाय्य नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

खातेवहीच्या हिशेबाने पाहिले तर यातील बरेचसे त्यांच्या हाती राहिले नाही. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. त्याच वर्षी विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि जहाजांचे काम रखडले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरले खरे. पण १९५२ मध्ये तो कारखानाही मुख्यत्वे सरकारकडे गेला. पुढील काळात प्रीमियरच्या मोटारी बंद झाल्या. रावळगावच्या गोळ्यांचा व्यवसायही २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. मग या धाडसाचे फलित काय? बंगळूरचा तोच कारखाना आज हिंदुस्तान एरोनॉटिक्स या नावाने देशाच्या हवाई दलासाठी विमाने बांधतो. विशाखापट्टणमला जहाजे बांधली जातात. मालकी बदलली, पाया मात्र टिकला.

वालचंदजी स्वतः अभियंते नव्हते. ज्याला कामाचे ज्ञान आहे त्याला जोडीस घ्यावे, यंत्र व तंत्र जेथे मिळेल तेथून आणावे आणि जोखीम मात्र आपल्या शिरावर घ्यावी, ही त्यांची पद्धती होती. जुगार आणि धाडस यांतील भेद येथेच आहे. जुगारी दैवावर विसंबतो. पुरुषार्थी माणूस माहिती, माणसे आणि भांडवल यांची जुळवाजुळव करून मगच पाऊल टाकतो.

१९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढील वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरच्या शिक्षणसंस्था त्यांचे नाव चालवीत आहेत.

परभणी, सेलू, मानवतच्या बाजारपेठांतून कापूस आजही गाठी होऊन बाहेरगावी जातो आणि त्याचेच कापड होऊन आपल्या दुकानी परत येते. मधला उद्योग आपल्या गावी का होऊ नये, असा प्रश्न येथील तरुणांना पडावा. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांनी वालचंदजींचे चरित्र अवश्य वाचावे. पेढी सांभाळणे हे कर्तव्य आहेच. त्यापुढे एक पाऊल टाकण्याचे धैर्य हीच त्या थोर श्रेष्ठींना खरी आदरांजली ठरेल.