उत्क्रांतितत्त्व आणि गोपाळ गणेश आगरकर

डार्विनचे नाव काढले की आपल्याकडे माणूस माकडापासून झाला की नाही, या वादाला तोंड फुटते आणि चर्चा तिथेच संपते. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांतीचा धडा आला, तो परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे त्या विषयाशी आमचा संबंध उरला नाही. परंतु हे तत्त्व जितके प्राणिशास्त्राचे तितकेच ते समाजाचा, धर्माचा आणि रूढींचा विचार करणाऱ्यांचेही आहे, हे मला प्रथम कळले ते आगरकरांचे निबंध वाचू लागले तेव्हा. आणि या आगरकरांचे शालेय शिक्षण पुरे झाले ते पुण्यामुंबईत नव्हे, तर आपल्या वऱ्हाडात, अकोल्यास! राजापेठेतून निघून बडनेऱ्याला गाडी धरली की दीड-दोन तासांत गाठता येणाऱ्या गावी हा मुलगा मॅट्रिक झाला, ही गोष्ट आम्हा वऱ्हाडकरांच्या फारशी बोलण्यात नसते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी करून पाहिली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिक्षणाच्या ओढीने रत्नागिरी गाठली, पण तिथेही निभाव लागला नाही. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्यास आले. तेथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे गुरू लाभले. महाजनींनी पुढे शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली. अशी गोष्ट सांगतात की, एकदा वर्गात महाजनींनी मुलांच्या आळशीपणावर कोरडे ओढले, तेव्हा या फाटक्या कपड्यांतल्या मुलाने उठून, तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन, असे त्यांना सुनावले. महाजनी रागावले नाहीत. उलट त्यांनी त्याला हात दिला. अकोल्याच्याच 'वऱ्हाड समाचार' पत्रात लिहून आगरकरांनी चार पैसे मिळविले. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथे त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा.

याच कॉलेजात त्यांना मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर भेटले, आणि स्पेन्सरच्या हातून उत्क्रांतितत्त्व. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण डार्विन आणि स्पेन्सर यांची आपण नेहमी गल्लत करतो.

डार्विनची नैसर्गिक निवड समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. बीटी कापूस २००२ साली आपल्याकडे आला. बोंडअळीला मारणारे विष त्या झाडातच होते. परंतु असंख्य अळ्यांत काही थोड्या अशा निघाल्या की ज्यांना ते विष बाधले नाही. इतर मेल्या, या जगल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या यांचीच प्रजा वाढत गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातल्या कापसाची काय दशा केली, हे शेतकऱ्याच्या घरातील कोणीही सांगेल. अळीने ठरवून काही केले नव्हते. या निवडीला हेतू नाही, आणि ती कोणाला श्रेष्ठ ठरवीत नाही. त्या वेळच्या परिस्थितीत जो तगतो तो तगतो, एवढेच. स्पेन्सरने मात्र उत्क्रांती म्हणजे प्रगतीच मानली. साध्याकडून गुंतागुंतीकडे सारे विश्व चालले आहे, समाजही त्याच वाटेने जातो, लायक असेल तो टिकतो, म्हणून सरकारने मध्ये पडून दुबळ्यांना आधार देऊ नये, असा त्याचा रोख. डार्विनच्या नावावर जगात जे पुष्कळ खपले, त्यातला मोठा माल स्पेन्सरच्या दुकानातला आहे, असे मला वाटते.

आगरकरांनी हे सारे वाचले आणि त्यातून जे उचलले ते मोठे मजेदार आहे. सजीवांच्या जाती जर कोणी एकदाच घडवून कायमच्या ठेवल्या नाहीत, तर आपल्या चालीरीती तरी तशा कशा असतील? प्रत्येक रूढी केव्हातरी, कोणत्यातरी गरजेतून उत्पन्न झाली. गरज सरली, रूढी मात्र राहिली. सोवळे-ओवळे असो, बालविवाह असो की विधवेचे केशवपन असो, तिची उत्पत्ती शोधा आणि आज तिचे काम काय ते विचारा, अशी त्यांची रीत. 'देवतोत्पत्ति' या निबंधात तर त्यांनी हीच रीत थेट देवांना लावली. स्वप्ने, सावल्या, मेलेल्या पूर्वजांची भीती यांतून देवतांच्या कल्पना कशा वाढत गेल्या, हे त्यांनी दाखविले. ही उपपत्ती स्पेन्सरची, पण ती पुण्यात राहून मराठीत मांडण्याची छाती आगरकरांची. स्पेन्सरची रानटीपासून सुधारलेल्यापर्यंतची शिडीही त्यांनी तशीच घेतली. मेळघाटाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला त्यांच्या लेखनातला 'रानटी' हा शब्द आज खटकतो, आणि तो खटकलाच पाहिजे.

परंतु मुख्य ठिकाणी या शिष्याने गुरूला सोडले. उत्क्रांती होतच असते, मग घाई कशाला, समाज आपोआप सुधारेल, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. आगरकरांना ते मान्य नव्हते. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करण्यापुरताच तो होता. एवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. स्पेन्सरच्या पोथीप्रमाणे पाहिले तर सरकारला नकार द्यायला हवा होता, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला उत्क्रांतीची वाट पाहत बसायला सांगणे त्यांच्या बुद्धीला पटले नाही.

दुसरी गोष्ट आम्हा मुलींच्या अधिक जिव्हाळ्याची. बुद्धीच्या कर्तृत्वात पुरुष स्त्रीच्या वर असतो, असे खुद्द डार्विनने १८७१ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. अतिशिक्षणाने स्त्रीची प्रजननशक्ती खालावते, असे स्पेन्सरचे मत. युरोपातले मोठमोठे पंडित शास्त्राच्या नावाने हे सांगत असताना आगरकरांनी स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा निबंध लिहिला. कोंडून ठेवलेल्या बुद्धीवरून बुद्धीचे माप काढता येत नाही, असा त्यांच्या विचाराचा ओघ मला दिसतो. आज आमच्या वर्गात मुलगे आणि मुली शेजारच्या बाकांवर बसतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

बाकीचे चरित्र आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तेथेच 'हॅम्लेट'चे भाषांतर केले. ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे टिळकांशी मतभेद झाले, 'केसरी' सुटला आणि १८८८ साली 'सुधारक' निघाला. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. मोठ्या पगाराची नोकरी धरून घरचे दैन्य घालविता आले असते, पण ती आशा धरू नकोस, असे त्यांनी आईला फार पूर्वीच पत्राने कळविले होते.

पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली आणि ती त्यांनी स्वतः पाहिली. दम्याने शरीर पोखरले होते, तरी लेखणी थांबली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नसताना, ते गेले. त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली असे सांगतात. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तीत पैसे बांधून ठेवले होते.