विश्लेषण : सीएसएमटीचे फोटो लाखो, मग वास्तुविशारद स्टीव्हन्स शोधात मागे का? समजून घ्या फोटो सर्चचे गणित

मुंबईत सर्वाधिक फोटो काढल्या जाणाऱ्या इमारतींमध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) वरच्या क्रमांकावर असते. तिच्यासमोरची महापालिका आणि चर्चगेटचे पश्चिम रेल्वे मुख्यालय यांचेही फोटो कमी नाहीत. या तिन्ही इमारतींचा वास्तुविशारद एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. त्याची कबर शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. मात्र फोटो गॅलरीच्या संकेतस्थळांवर इमारत चटकन सापडते आणि तिचा कर्ता मागे राहतो. असे का होते? स्टीव्हन्सच्या आयुष्याचे टप्पे पाहिले, की फोटो सर्च कसे चालते तेही कळते.

कोण होता स्टीव्हन्स?

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ मध्ये इंग्लंडमधील बाथ शहरात झाला. तिथल्याच एका वास्तुविशारदाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. १८६७ मध्ये परीक्षा देऊन तो भारतातील सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाला. आधी पुणे आणि मग मुंबई अशी त्याची नेमणूक होती.

कोटाच्या भिंती पाडल्यानंतर मुंबईत मोठ्या सरकारी इमारती उभ्या राहत होत्या. तरुण अभियंत्याला याहून चांगली संधी मिळाली नसती. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे त्याचे पहिले मोठे काम. खलाशांसाठी बांधलेल्या या वास्तूत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे.

गॅलरी फोटो ‘पाहते’ का?

सर्चचा पहिला मुद्दा इथेच येतो. ‘सेलर्स होम’ आणि ‘पोलीस मुख्यालय’ ही एकाच वास्तूची दोन नावे आहेत, हे माणसाला सांगितले की समजते. की-वर्ड सर्चला ते आपोआप समजत नाही, कारण ते फोटोकडे पाहतच नाही. फोटोचे शीर्षक, वर्णन आणि टॅग यांतले शब्द तेवढे ते वाचते.

या शब्दांची आधीच एक उलटी सूची तयार असते. पुस्तकाच्या शेवटी शब्दापुढे पानांचे क्रमांक असतात, तसे इथे प्रत्येक शब्दापुढे फोटोंचे क्रमांक असतात. तुम्ही शब्द टाइप केला की गॅलरी सगळे फोटो चाळत बसत नाही. ती सूचीतली ती एक ओळ उघडते. त्या ओळीत नसलेला फोटो निकालातही नसतो. काही मोठ्या कंपन्या आता चित्रातील वस्तू ओळखणारे तंत्रज्ञानही वापरतात. तरी ही वास्तू कोणी बांधली, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते.

एक स्थानक, चार नावे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला बोरीबंदर येथे नवे टर्मिनस आणि मुख्यालय हवे होते. ते काम स्टीव्हन्सकडे आले. रचना ठरवण्यापूर्वी त्याने युरोपात जाऊन तिथली मोठी स्थानके पाहिली. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थानकाला तिचे नाव मिळाले. १९९६ मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

म्हणजे बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी, इमारत मात्र एकच. गॅलरीकडे समानार्थी शब्दांची यादी नसेल, तर ‘व्हीटी’ शोधणाऱ्याला फक्त ‘सीएसएमटी’ असा टॅग असलेला फोटो दिसणार नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण ‘शिवडी’, ‘शिवडीत’, ‘शिवडीच्या’ असे लिहितो. प्रत्यय वेगळा करण्याची सोय नसलेल्या साध्या सर्चसाठी हे तीन वेगळे शब्द आहेत. ‘स्टीव्हन्स’ आणि ‘स्टिव्हन्स’ यांचेही तसेच.

चुकीच्या ओळीचा परिणाम

या स्थानकाचे एक जलरंगातील चित्र प्रसिद्ध आहे. स्टीव्हन्सच्या रचनेवरून ते अ‍ॅक्सल हेग या चित्रकाराने काढले. चित्राखाली केवळ हेगचे नाव असेल, तर वाचणाऱ्याला आराखडाही त्याचाच वाटू शकतो. सर्च इंजिन खरे-खोटे तपासत नाही. एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने उचलली की तीच ओळ सूचीत अनेकदा नोंदवली जाते.

नोंदच नसेल तर काय होते, हेही इथेच दिसते. सीताराम खंडेराव आणि माधवराव जनार्दन या अभियंत्यांनी टर्मिनसच्या कामात जबाबदारी सांभाळली. दगडातली पाने, पक्षी आणि प्राणी यांच्या कोरीव कामात मुंबईच्या कला शाळेतील, म्हणजे आजच्या जे. जे.मधील विद्यार्थ्यांचा वाटा होता. फोटोखाली ही नावे क्वचितच येतात. त्यामुळे त्या नावांनी शोधले, तर त्यांच्या कामाचे फोटो असूनही निकाल जवळपास रिकामा येतो.

क्रम कसा लागतो?

टर्मिनसनंतर स्टीव्हन्सने महापालिकेची इमारत उभी केली. ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे चर्चगेट येथील मुख्यालय १८९९ मध्ये तयार झाले. आता समजा, कोणी ‘मुंबई स्टीव्हन्स इमारत’ असे शोधले. हजारो फोटोंपैकी वर कोणता येईल?

इथे शब्दांना वजन दिले जाते. शब्द जितका दुर्मीळ, तितके त्याचे वजन जास्त. केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी ही कल्पना १९७२ मध्ये मांडली. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गॅलरीत १० हजार फोटो आहेत. ‘मुंबई’ हा शब्द ५ हजार फोटोंवर आणि ‘स्टीव्हन्स’ २० फोटोंवर आहे. एकूण फोटोंना या संख्येने भागले की २ आणि ५०० ही उत्तरे येतात. त्यांचा लॉगरिदम साधारण ०.३ आणि २.७. म्हणजे ‘स्टीव्हन्स’ या शब्दाचे वजन ‘मुंबई’च्या नऊपट.

याशिवाय शीर्षकातल्या शब्दाला वर्णनातल्या शब्दापेक्षा जास्त महत्त्व देता येते. टॅगचा क्रमही पाहिला जातो. अ‍ॅडोबी स्टॉकवर एका फोटोला जास्तीत जास्त ४९ की-वर्ड देता येतात आणि त्यांत पहिले दहा अधिक महत्त्वाचे मानले जातात.

‘नवीन आधी’ हा पर्याय निवडला, तर क्रम बहुधा अपलोडच्या तारखेवरून लागतो. त्यामुळे काल अपलोड केलेला १८९० चा फोटोही ‘नवीन’ ठरतो.

शिवडी आणि क्लिकचे चक्र

मार्च १९०० मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी स्टीव्हन्सचा मुंबईत मृत्यू झाला आणि त्याला शिवडीत दफन करण्यात आले. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ही दफनभूमी सुरू झाली. त्याआधी तिथे बाग होती.

मात्र ‘शिवडी’ म्हटले की आज आठवतात ते खाडीच्या चिखलातले रोहित पक्षी, किल्ला आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. अनेक गॅलऱ्या लोकप्रियतेलाही गुण देतात. ज्या फोटोवर जास्त क्लिक, तो वर जातो. वर आहे म्हणून त्यावर आणखी क्लिक होतात. दफनभूमीचा फोटो चांगला असला, तरी या चक्रात तो मागच्या पानांवर ढकलला जातो. मोबाइलवर तितके खाली कोण जाणार?

मग काय करावे?

शोधताना एकच प्रचलित शब्द टाकू नका. ‘शिवडी’ऐवजी ‘शिवडी दफनभूमी स्टीव्हन्स’ असे लिहा. वास्तूचे जुने नाव आणि इंग्रजी स्पेलिंगही वापरून पाहा. शक्य असेल तिथे ‘लोकप्रिय’ऐवजी ‘सुसंगत’ हा क्रम निवडा.

फोटो टाकताना जागा, जुने-नवे नाव, वर्ष आणि कर्त्याचे नाव लिहा. असंबद्ध टॅग टाळा, त्याने फोटो चुकीच्या शोधात जातो. सीएसएमटीसमोर उभे राहून पुढचा फोटो काढाल, तेव्हा खाली स्टीव्हन्स, सीताराम खंडेराव आणि माधवराव जनार्दन एवढी नावे जोडायला अर्धा मिनिट पुरेल. सूचीत त्यांच्या नावापुढे एका फोटोची भर पडेल.